आधी खळे, मग खोली

मी, यशोदाबाई मल्हारी पगारे, वय ७१, निवृत्त शिक्षिका, राहणार नाशिक रोड, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मालमत्तेची पुढील व्यवस्था लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुलगा अश्विन याला माझ्या शुद्धीविषयी शंका आहे. ती मी शाळा बांधली तेव्हापासूनची आहे.

१. सुरगाणा तालुक्यातील चिंचमाळ पाड्यावर २०१३ साली माझे दिवंगत पती मल्हारी आणि मी दोन वर्गखोल्यांची शाळा बांधली. ते अंबडच्या कारखान्यात टर्नर होते. खिडक्यांचे गज त्यांनी स्वतः कापले. इमारत तेव्हाच पाड्याला दिली आहे. वारसांचा तिच्यावर हक्क नाही. भिंतीवर आमचे नाव नाही. पुढेही लिहू नये. "शाळा कसली, वहिनींची हौस आहे," असे माझे दीर म्हणाले होते. त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. बसून बोलायला ती चांगली आहे.

२. जागा निवडताना माझी चूक झाली, ती नोंदवते. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. सगळा पाडा उतारावर. सपाट जागा एकच, आणि ती रिकामी. मी ती मागितली. पाड्यावरचे देवराम आणि त्यांची पत्नी तानुबाई यांनी चार घरांना विचारून लगेच दिली. नोव्हेंबरात शाळा पाहायला गेले, तर बायामाणसे भाताचे भारे डोक्यावर घेऊन झोडायला खाली डांबरी रस्त्याकडे चालली होती. ती सपाट जागा पाड्याचे खळे होते. त्यांच्या आजोबांनी डोंगर खणून ती केली होती.

"तानुबाई, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच नाय. आन सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या पाड्याला गेल्या असत्या. आमाला शाळा पायजे व्हती."

देवराम हसले. "भात कुठंबी झोडता येतो, बाई. पोरं कुठं झोडायची?"

बारा वर्षे ते भारे खाली नेतात आणि धान्य वर आणतात. त्याबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर हे कलम लहान झाले असते.

३. बँकेतील ठेव नव्या खळ्यासाठी आहे. खळे तानुबाई पावलांनी मोजतील तेवढे असावे. इंजिनिअरला विचारू नये. मागच्या वेळी आम्ही त्यालाच विचारले होते. ही ठेव मी याच आठवड्यात मोडत आहे, त्यामुळे माझ्या मागे या कलमाखाली काही सापडणार नाही. अश्विनने शोधू नये म्हणून लिहिले.

४. नाशिक रोडची सदनिका माझी स्वकष्टार्जित आहे. माझ्या मृत्यूनंतर ती विकून शाळेशेजारी देवरामांनी देऊ केलेल्या जागेवर मुलांना राहण्यासाठी खोली आणि स्वयंपाकघर बांधावे. कारण असे: दिवाळीनंतर पाड्यावरची माणसे द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. मुले सोबत जातात. उन्हाळ्यात परततात तेव्हा अक्षरे विसरलेली असतात. मी हे बारा वर्षे पाहिले. शाळा बांधून मी अर्धेच काम केले.

अश्विनशी बोलणे झाले आहे.

"आई, त्यांचं काय ते सरकार बघेल ना. तू कशाला?"

"सरकार आलं तर त्यालाही जेवायला वाढीन."

"घर तरी साक्षीच्या नावावर कर."

साक्षी, माझी नात, तिथेच बसली होती. "मला पुस्तकं दे, आजी," ती म्हणाली. पुस्तकांचे कपाट तिला द्यावे.

५. मल्हारींची हत्यारांची पेटी अश्विनला. त्याने ती कधी उघडली नाही. उघडावी.

६. अंमलबजावणी मुलगी स्नेहा करील. ती माझ्याशी भांडते, पण सांगितलेले काम पुरे करते.

७. खोली माझ्या मृत्यूनंतरच बांधली जाईल, आणि मला मरायची घाई नाही. मुलांना तोवर थांबता येत नाही. म्हणून या दिवाळीनंतर मी स्वतः शाळेच्या दुसऱ्या वर्गखोलीत राहायला जात आहे. सतरा मुले माझ्याजवळ राहतील. भाकरी तानुबाई शिकवणार आहेत; माझी नागलीची भाकरी थापताना फुटते. सदनिकेला कुलूप असेल. वारसांना मला भेटायचे असेल तर रविवारी यावे. पाड्याच्या रस्त्यापर्यंत सुरगाण्याहून जीप मिळते, पुढे चढ आहे. येताना खडू आणावेत.

हे मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: यशोदाबाई मल्हारी पगारे

साक्षीदार:
१. वत्सलाबाई निकम, शेजारी
२. संघर्ष साळवे, माजी विद्यार्थी

ठिकाण: नाशिक रोड
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५