हो आई, दगड खाल्ला

तात्यापारा, रायपूर

प्रिय यशदीप,

जय भीम.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी चौबे कॉलनीत प्रोग्रामिंग शिकायला जातो, हे तुला सांगितलं नव्हतं. हैदराबादेत तू दिवसभर काय करतोस ते कळलं तर फोनवर दोन गोष्टी बोलता येतील, एवढीच हौस. शिकवणारी रुचिता तुझ्याहून लहान. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला अंकल. काल तिनं मेथड शिकवली. वाक्य एकदाच लिहून ठेवायचं, एक जागा रिकामी सोडून. कंसात 'चहा' दिला की 'चहा तयार आहे' येतं, 'सरबत' दिलं की 'सरबत तयार आहे'. कंसातल्या त्या शब्दाला आर्ग्युमेंट म्हणतात. बाकीची पोरं भराभर लिहून घेत होती आणि माझं पेन थांबलं. असली वाक्यं तर मी रोज ऐकतो. तुझे मेसेज आई वाचून दाखवते, मला आणि पाऱ्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना. 'हो आई, भेंडी खाल्ली.' 'हो आई, स्वेटर घातलं.' मराठीत विचारलं तर जन्मभर हिंदीत उत्तर देणारा पोट्टा दिवाळीपासून मराठीत लिहायला लागला, म्हणून ती हरखलेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी आलो तर ती शेजारी गेली होती. घरी राहिलेल्या तिच्या फोनवरून तुला मेसेज केला, बाळा, दगड खाल्लास का? पापणी लवायच्या आत उत्तर, 'हो आई, दगड खाल्ला.' तुला वाघानं खाल्लं का म्हणून विचारलं, तर तेही हो. छत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले, पण असा कधी हबकलो नव्हतो. तिला दिसू नये म्हणून सगळं पुसून टाकलं. आईला उत्तरं द्यायला प्रोग्राम बसवलास, त्या हुशारीचं कौतुक करावं की कानाखाली द्यावी, कळेना. तुला फोन लावला, तर 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. तो तरी तू लिहिलास की नाही, कुणास ठाऊक. म्हणून हा कागद, स्पीड पोस्टनं.

भांडायला लिहीत नाही. वीस तारखेला आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. गेल्या आठवड्यात तिनं तुला ते कळवलं आणि विचारलं, येशील ना? उत्तर आलं, 'हो आई, येईन.' तेव्हापासून तिची भीती पळाली. गोल बाजारातून तुझ्यासाठी नवी चादर आणली. डॉक्टरांना सांगून टाकलं, "माहा पोट्टा आल्याबिगर मी आत जात नाही." तिला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. तू येणार आहेस, हे तुलाही ठाऊक असावं, म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा