बटू दीर्घिकांतील वायू आणि आमचे रॉकेल

प्रति,
मा. पुरवठा निरीक्षक,
तहसील कार्यालय, सावरढोह,
जि. यवतमाळ.

विषय : आई तुळसाबाई मुनेश्वर यांच्या शिधापत्रिकेवरील 'गॅसधारक' हा शिक्का रद्द करण्याबाबत.
संदर्भ : समाजमंदिर मिळण्याबाबतचा माझा डिसेंबरमधील अर्ज.

महोदय,

१. संदर्भीय अर्जात मी 'मोठे तारे आणि बटू दीर्घिकांतील वायू' या विषयावर गावात व्याख्यान देण्यासाठी समाजमंदिर मागितले होते. आवक लिपिकांनी 'वायू म्हणजे गॅस' असा शेरा मारून अर्ज आपल्या शाखेकडे पाठवला. शिक्का बसला आणि रॉकेल बंद झाले.

२. खुलासा करते. दीर्घिका म्हणजे तारे आणि वायू यांचा प्रचंड समूह; बटू दीर्घिका म्हणजे लहान आकाराची दीर्घिका. तिथला वायू मुख्यतः हायड्रोजन. मोठे तारे आपल्या प्रखर प्रकाशाने तो तापवतात आणि शेवटी स्वतः फुटून त्याला दूर ढकलतात. लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून बराच वायू तिच्याबाहेर निघून जातो आणि नवे तारे जन्मणे मंदावते. हा वायू सिलिंडरमध्ये मिळत नाही.

३. हे मी लिपिकांना तोंडी सांगितले. ते म्हणाले, "पोरी, गॅसवर भाषण देऊन राह्यली अन् घरी गॅस नाही म्हनतं? एजन्सीचा दाखला आन." एजन्सीवाले म्हणाले, "ग्राहक नंबर सांग, मंग पाहून सांगतो तुयं कनेक्शन नाही म्हून."

४. आईला दमा आहे. स्टोव्ह बंद पडल्यापासून ती चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, जाळते. यंदा निम्म्या गावाने कापूस सोडून सोयाबीन पेरले, त्यामुळे वाळलेली पऱ्हाटीही मिळत नाही. ओली जळते कमी, धुमसते जास्त. काल तव्यावर भाकर टाकून आई खोकत अंगणात जाऊन बसली. भाकर करपली तरी तिला उठवेना. आताही, मी हे लिहीत असताना, ती खोकतेच आहे.

५. 'सदर दीर्घिकांत वायू नाही' असे लिहून दिल्यास शिक्का काढता येईल, असे आपण मागच्या भेटीत सुचवले. मी त्यावर पुष्कळ विचार केला. काही बटू दीर्घिकांत आज वायू जवळपास उरलेला नाही. तो घालवण्यात मोठ्या ताऱ्यांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; पण वायू नाही, हे खरे. तेवढ्या दीर्घिकांपुरते मी सहीनिशी लिहून देते. उरलेल्यांत वायू आहे. तो नाही असे मला लिहिता येत नाही.

तरी आईचे रॉकेल पहिल्या प्रकारच्या दीर्घिकांवर मंजूर करावे, ही विनंती.

उत्तरासाठी उद्या कार्यालयात हजर राहणारी,
आपली नम्र,
उर्वशी मुनेश्वर, बी.एस्सी.
दि. २० फेब्रुवारी २००७

सोबत : शिधापत्रिकेची झेरॉक्स, डॉक्टरांची चिठ्ठी, वायू न उरलेल्या दीर्घिकांची नावे.