मागच्या डाव्या चाकातला काटा

त्रिवेणी,

गाडीची चावी देवळीत ठेवली हाय. हवेचा पिवळा दिवा का लागत होता ते आज कळलं. तीनदा हवा भरली तरी लागायचाच, मी उगं गाडीलाच नावं ठेवली. बोरीच्या स्टँडवर पंक्चरवाल्यानं टायरला साबणाचं पाणी लावलं, तर मागच्या डाव्या चाकात बाभळीचा काटा निघाला.

जिंतूरला तुझ्या शिलाईच्या क्लासपर्यंत सगळा डांबरी रस्ता हाय. बाभळीच्या फांद्या मळ्यात शंभूच्या समाधीवर हायत. कुत्र्यांनी माती उकरू नये म्हणून माती दिली त्याच दिवशी मीच टाकल्यात.

म्हणजे क्लासचं सांगून तू रोज तिकडं जायलीस.

बाईमाणसानं तिकडं जायचं न्हाई, असं मीच तुला म्हणलो होतो. बायकोनं नवऱ्याच्या समाधीवर जाऊ नये, असा काही नेम न्हाई. त्या दिवसापासून शंभूचा बाप असून मलाच तिकडं जायचा धीर झाला न्हाई. तू गेलीस तर मलाबी जावं लागंल, म्हणून म्हणलो.

आता पायीच मळ्यात चाललोय. गाडी लागंल एवढी वाट मोकळी करतो. तू क्लासच्या वेळेला ये. दोघं बसू.

मामा