खजुराच्या बारा बिया

॥ श्री ॥
उम्म अल कुवैन,
९ नोव्हेंबर २०२४

सौ. शर्वाणीताईस,
श्रीनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अल नहदाच्या अनुपमाकाकूंचा वेदांग तुमच्या सास्काटूनलाच शिकायला येतो आहे. त्याच्या हाती हे पार्सल देत आहे. बॅगेतली एक किलोची जागा मी महिनाभर आधी मागून ठेवली होती आणि नंतर चार वेळा फोन करून खात्री केली. काकू शेवटी वैतागून म्हणाल्या की अरे, एक किलोच ना, का पोराच्या बॅगेत तूही बसणार आहेस?

पार्सलमध्ये दोन वस्तू आहेत. एक, खजुराच्या बिया, नग बारा. दोन, अर्धा किलो खजूर, बाबांना खाऊ म्हणून. दोन्ही ‘मेहमान’चेच. तुला आठवत नसेल, म्हणून लिहितो. आमच्या नर्सरीत खजुराची झाडं बियांपासून करत नाहीत. मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं काढून लावतात, म्हणजे नर-मादीची फसगत होत नाही. पण शेडमागे कुणीतरी रमजानमध्ये थुंकलेल्या बीचं एक झाड आपोआप आलं होतं. सगळे उपटा म्हणत होते. बाबा फोरमन होते, त्यांनी उपटू दिलं नाही. न बोलावता आलं म्हणून कामगारांनी त्याचं नाव मेहमान ठेवलं. यंदा ऑगस्टात त्याला अकरा घड लागले.

जूनमधल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना तुझ्याकडे नेलंस, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, की वसंतापर्यंत उजवा हात कामाला लावला तर ठीक, नाहीतर तो तसाच राहील? रबरी चेंडू बाबा फेकून देतात, पण बीला ते नाही म्हणणार नाहीत. बिया दोन दिवस कोमट पाण्यात भिजव, पाणी रोज बदल. मग ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि उबेला ठेव. बाहेर उणे तीस असलं तरी हरकत नाही, पिशवीला पंचवीस-तीस अंश मिळाले पाहिजेत. मुख्य म्हणजे सगळं बाबांच्या हाताने करून घे.

विमानतळाची काळजी नको. कीड जाऊ नये म्हणून बियांचा पूर्ण बंदोबस्त केला आहे.

रणजितदाजींना नमस्कार, पर्णिकाला पापा. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नये.

तुझा,
श्रीनाथ

ता. क. बिया बाराच आहेत ना, हे मोजून कळव.

*

॥ श्री ॥
सास्काटून,
८ डिसेंबर २०२४

चि. श्रीनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मोजल्या. बाराच आहेत. आता नीट झोप.

तुझं पत्र बाबांनी चार दिवस उशाशी ठेवलं होतं. बिया मात्र त्यांना आवडल्या नाहीत रे. एक उचलली, खिडकीशी नेऊन पाहिली, नखाने खरवडली, चक्क जिभेला लावली. मग तोंड वाकडं करून पुडी माझ्या हातात परत दिली. मी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. शेवटी पर्णिकानेच बिया भिजवल्या आणि पिशवी तळघरात बॉयलरच्या वरच्या फळीवर ठेवली. आजोबा, यू हॅव टू हेल्प मी, म्हणून तिने खूप ओढलं, पण ते हलले नाहीत.

खजूर मात्र खातात. रोज दोन, नेमाने. जेवायला बसवायला अर्धा तास लागतो, पण ती डबी मागून घेतात. त्याच्या बिया कुठे टाकतात देव जाणे. पलंगाखाली पाहिलं, खिसे पाहिले. रणजित म्हणतो, गिळत असतील.

हाताचं काही खरं नाही. थेरपीवाली येते, चेंडू देते, हे डाव्या हाताने तो सोफ्यामागे टाकतात. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की मार्चपर्यंत असंच चाललं तर पुढे फारशी आशा धरू नका. आणि त्यांचं एकच पालुपद: श्रीला सांग, माझं तिकीट काढ. कामगारांच्या कॅम्पात माझी खाट आहे, मला दुसरं काही नको. बर्फाकडे बघत म्हणाले की इथे काही उगवत नाही, माणसाने करायचं काय?

त्यांना काय सांगू? तूच लिही. तुझ्या अक्षरातलं त्यांना पटतं.

स्वतःच्या जेवणाकडे लक्ष दे. आठवण काढत राहा, आम्हीही काढतोच.

तुझी,
ताई

*

॥ श्री ॥
उम्म अल कुवैन,
३ जानेवारी २०२५

सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पान बाबांना दाखवू नकोस. त्यांच्यासाठी वेगळं पान जोडलं आहे, त्यात नर्सरीची खुशाली आहे.

ताई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. बी परदेशात जाताना त्यात कीड सापडली तर पेटी जप्त होते, असं इथे कुणीतरी म्हणालं होतं. वेदांगवर बालंट नको म्हणून मी त्या बाराही बिया मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं उकळल्या. दोनदा. मग तीन दिवस उन्हात वाळवल्या. काल जेवताना हमदुल्लाला हे सहज सांगितलं. बाबांच्या जागी आता तोच फोरमन आहे. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, यारा, तूने बीज भेजा के बीज का सूप? खलास. आता सगळी नर्सरी मला सूपवाला म्हणते. त्याचं काही नाही. पण सात वर्षं नर्सरीत राहून मला हे कळू नये? तुझं पत्र पुन्हा काढून बाबांनी ती जिभेला लावली ते वाचलं. खारट लागली असणार.

पर्णिका रोज पिशवी उघडून बघत असेल. काही उगवणार नाही, आणि इथे काही उगवत नाही हे बाबांचं म्हणणं माझ्यामुळे खरं ठरेल. आमच्या ओळखीतला प्रकाश फेब्रुवारीत टोरांटोला येणार आहे. त्याच्याकडून न उकळलेल्या बिया पाठवतो, तो तिथून पोस्टाने टाकेल. तोवर पिशवी कुणाला उघडू देऊ नकोस.

तिकिटाचं मी चार वेळा कच्चं लिहून फाडलं. खरं ते असं की बाबांच्या खाटेवर ते गेल्यापासून मोईन झोपतो. खोलीत आम्ही सहा जण. बाबा आले तरी त्यांना इथे राहण्याचा कागद मिळणार नाही, आणि सकाळी आम्ही कामावर गेल्यावर त्यांच्या हाताशी पाण्याचा तांब्याही कुणी ठेवणार नाही. हे त्यांना लिहायला माझा हात धजत नाही. खोटंही लिहवत नाही. म्हणून त्यांच्या पानावर तिकिटाचं काहीच लिहिलेलं नाही. ते ताबडतोब ओळखतील.

रागावलीस तरी उत्तर दे. रागाचं पत्रही चालेल.

तुझा,
श्रीनाथ

*

॥ श्री ॥
सास्काटून,
२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टात अडकून काल पोचलं. पण त्याआधी इथे काय झालं ते ऐक.

मंगळवारी पर्णिका तळघरातून किंचाळत वर आली. मला वाटलं, पाइप फुटला. पाहते तर पिशवीतल्या दोन बियांना पांढरं शेपूट फुटलेलं! अगदी उंदराच्या पिल्लाचं असावं तसं. तिने ते शाळेत सगळ्यांना सांगितलं, रणजितने फोटो काढले, आणि मी तुझं कौतुक करणारं पत्र लिहायला बसले होते. तेवढ्यात तुझं सुपाचं पत्र आलं.

उकळलेलं बी उगवतं का रे? हमदुल्लाला विचार. आणखी एक. पर्णिकाने पुन्हा मोजल्या तर पिशवीत चौदा बिया आहेत. तुझ्या बारा मी स्वतः मोजल्या होत्या. तू नर्सरीतली रोपंसुद्धा तीनदा मोजणारा, तू चुकणार नाहीस. मग माझीच मोजणी चुकली का?

बाबांना सांगितलं, तर ते नुसतं हूं म्हणाले. त्यांची नखं कापायला घेतली तर उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळं, चिकट काहीतरी अडकलं होतं. कुठे हात घातलात म्हणून मी ओरडले. त्यावर हसले. जूननंतर पहिल्यांदा हसले, श्री.

आज त्यांनी कागद आणि पेन मागितलं. पर्णिकाला दाराबाहेर पहाऱ्याला बसवलं आहे. ती मला आत सोडत नाही, इट्स प्रायव्हेट म्हणते. काय लिहितील ते लिहोत. पाकीट चिकटवून तसंच पाठवते.

प्रकृती सांभाळ, माया आहेच.

तुझी,
ताई

*

॥ श्री ॥
७ फेब्रुवारी

चि. श्रीनाथ यास अंबादासचे आशीर्वाद.

हे पत्र उजव्या हाताने लिहिले आहे. सहा दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

तू बिया उकळल्यास हे मला जिभेवरच कळले. शर्वाणीला सांगितले नाही. तिने तुला कळवले असते आणि तू महिनाभर जेवला नसतास. पर्णिकाचा हिरमोडही मला बघवला नसता. बाराही बिया कचऱ्यात टाकल्या.

बियांवर तू एवढा पहारा केलास. पण खाऊ म्हणून पाठवलेल्या खजुरात बी असते, हे तुझ्या लक्षात आले नाही. मला ते आठव्या खजुराला लक्षात आले. मग रोजच्या दोन बिया मोज्यात लपवू लागलो. बीला गर राहिला तर बुरशी धरते, म्हणून अंगठ्याने घासून साफ केल्या. अंगठा आधी ऐकत नव्हता. रोज घासल्यावर ऐकू लागला. चेंडू दाबणे हे काम नव्हे, हे त्या थेरपीवालीला कोण सांगणार? सगळे बाहेर गेले की कठडा धरून तळघरात उतरत असे आणि त्या पिशवीत घालत असे. जिना सोळा पायऱ्यांचा आहे. शर्वाणीला हे कळवू नये. तुझी मोजणी बरोबर होती. चौदा माझ्या.

प्रकाशकडून आणखी बिया येणार असे शर्वाणीकडून कळले, त्या पाठवू नकोस. दोन पुरे आहेत. मूळ सरळ खाली जाते, म्हणून त्यांना उंच कुंड्या लागतील. रणजितराव आणणार आहेत. उन्हाळ्यात अंगणात, बर्फ पडण्याआधी घरात. दरवर्षी उचलून आत-बाहेर करायला दोन हात लागतील.

तुझ्या पानावर तिकिटाचा शब्द नव्हता. खाट कुणाला दिली? मोईनला असेल तर बरे झाले. त्याची पाठ दुखते, त्याला खालचीच लागते. त्याला म्हणावे, चौकटीचा डोक्याकडचा स्क्रू ढिला आहे, घट्ट करून घे.

तिकीट काढू नये. यातला नर कोणता, मादी कोणती, हे फुलावर येईपर्यंत कळत नाही. सहा-सात वर्षे तरी लागतील. इथे आठ धर. तोवर मला इथून हलता येणार नाही.

मेहमानला पाणी देत जा. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझा,
बाबा