विजापूरला जायचं ठरलं

वाशी, रविवार, डिसेंबर

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, म्हणून दोन दिवस बिदर नाहीतर विजापूरला जाऊन यायचंय. डॉक्टर म्हणाले, फार थंडीच्या ठिकाणी नेऊ नका, ह्यांच्या फुफ्फुसांना गारठा सोसणार नाही. बिदरला पहाटे लई गारठा. राहिलं विजापूर. गोलघुमट ह्यांना कधीपासून बघायचाय. पण घुमटापर्यंत चढायच्या त्या पायऱ्या? इथं मोरीपर्यंत गेले तरी भिंतीला धरून उभे राहतात.

मी म्हटलं, "अहो, बिदरलाच जाऊ. शाली जास्त घेऊ."

"न्हाय, विजापूरच. म्या खाली हिरवळीवर बसतो, तू वर जाऊन ये."

"एकटी जाऊन काय करू? वर भिंतीशी हळू बोललं तरी पलीकडच्या माणसाला ऐकू येतं म्हणतात. माझ्या पलीकडं कोण असणार?"

ते बराच वेळ दम घेत राहिले. पायऱ्यांचाच विचार करत असतील, असं वाटलं मला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "यंदा दोघं खालूनच बघू. पुढच्या वर्षी लेकीला घेऊन वर चढ."

आणि तुम्ही? अगदी ओठावर आलं होतं. लॉजला फोन लावला आणि तळमजल्यावरची खोली मागितली.