हिरवी वायर

६ नोव्हें. १९७७, रवि.
पे. ४ आली. म्हणजे चौथी पेटी. नरसय्यांनी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून केलीय, कडा अजून हाताला लागतात. पायानं बटण दाबलं की गिटार एकदम घोगरी, खाकरल्यासारखी. नवी पेठेमागच्या बोळात त्यांचं रेडिओ-लाउडस्पीकरचं दुकान. तिथंच जोडून वाजवली तर समोरचा चादरवाला बाहेर आला, काय फुटलं बघायला. नरसय्या म्हणाले, "साहेब, लोक आवाज साफ करून घ्यायला येतात माझ्याकडं. बिघडवून घेनारं गिऱ्हाईक तुमी एकटेच."
वडिलांचा हातमाग सोडून हा माणूस रेडिओत पडला. कुठं शिकला नाही. मी बी.एस्सी., हायस्कूलला विज्ञान शिकवतो, आणि ट्रान्झिस्टरची तीन टोकं ओळखायला मला पुस्तक उघडावं लागतं.

९ नोव्हें., बुध.
नेहमीचंच. पहिल्या दिवशी पेटी मांडीवरून उतरत नाही, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना ताप, तिसऱ्या दिवशी जरा पुरे, चौथ्या दिवशी पुढची कुठली. पुण्याच्या ऑर्केस्ट्रातल्या त्या गिटारवाल्यानं सात मांडल्या होत्या. सात! त्यानं वाजवलं काय ते धड आठवत नाही, सात तेवढ्या आठवतात. नववी ब चा तास घेताना टेबलाखाली पाय बटण दाबत होता.
आई: "साक माड की, बसू. पुरं कर आता. घरात पाय ठेवायला जागा न्हाई." तिच्या मते ह्या पेट्या म्हणजे चपला. दाराबाहेर काढाव्यात.

१३ नोव्हें., रवि.
तालीम. ऑर्केस्ट्रा अण्णांचा, त्यामुळे नियमही अण्णांचे. वाद्याला पाय लावतोस तर आधी नमस्कार कर. मी वाकून चारी पेट्यांना हात लावतो, सगळे हसतात. कुसुमताई हसत नाहीत. गायिका त्या, माईक माझ्या शेजारी. "बसू, आज आणखी वीतभर सरकलास. पुढच्या महिन्यात मी लोकांत बसून गाते, चालेल?" खरं आहे. सगळ्या पेट्या एका फळीवर बसवल्यात, ती फळी वाढतेय आणि त्यांची जागा कमी होतेय. पण मी तरी काय करू? म्हणजे करता येईल, पण करणार नाही.
मध्येच पे. २ ची बॅटरी मेली. ऐन कडव्यात गिटार कुजबुजायला लागली. अण्णांनी नुसतं बघितलं. बॅटऱ्यांना विटलो. नरसय्यांना सांगितलंय, भिंतीतल्या विजेवर सगळ्या पेट्या चालतील असा एक एलिमिनेटर करा.

२० नोव्हें., रवि.
एलिमिनेटर झाला. लोखंडी, वजनदार, फळीलाच बोल्टांनी बसवला. त्याचा पत्रा आणि पेट्यांचे पत्रे सगळे आतून एकमेकांना जोडलेले. तीन पिनांची मोठी वायर. नरसय्यांनी झाकण उघडून हिरवी वायर दाखवली. "हिला कदी हात लावायचा न्हाय. बाकी काय बी करा."
म्हटलं, "नरसय्या, मी पोरांना अर्थिंग शिकवतो."
"म्हनून तर सांगतो, साहेब."
हसलो दोघं. वाव-वाव करणाऱ्या पेटीचंही बोलून ठेवलं. पाय पुढं-मागं केला की आवाज माणसासारखा तोंड उघडतो-मिटतो ती. त्यांचे डोळे चमकले. वरची फळी वडिलांच्या मागाची घालतो म्हणाले, पायाखाली दाबायची. माग तसाच पडून आहे म्हणे, लाकूड पायांनी गुळगुळीत झालंय.

२६ नोव्हें., शनि.
घूं. एलिमिनेटर लावला की घूं सुरू. गाणं थांबलं की तेच ऐकू येतं. अण्णा म्हणाले, "गिरणी आणलीस का रं?" नरसय्यांकडे गेलो. म्हणाले, काढतो घूं, पण पंधरा दिवस थांबा, लग्नाचे मांडव हायत. पंधरा दिवस! मला पंधरा मिनिटं निघत नाहीत.
दुपारी घरी झाकण उघडलं. हिरवी वायर सोडवली, टोक कापलं, टेप गुंडाळला. घूं गायब. शांत, स्वच्छ. इतका आनंद झाला की आईला बोलावून काहीच ऐकू येत नाही ते ऐकवलं.
नरसय्यांना सांगायचं नाही. उगीच वाईट वाटेल.

२ डिसें., शुक्र.
गिटार हातात असताना नळाला हात लागला, बोटांत मुंग्या आल्या. दोनदा. थंडीत कपड्यांचंही असं होतं. बघू.
पे. ५ मुंबईहून मागवली. आवाज लांबून आल्यासारखा करते म्हणे.

११ डिसें., रवि.
काल अक्कलकोट. संध्याकाळी. लिहायचं नव्हतं पण
देवळाचं पटांगण. देवाची तसबीर मंचावरच, म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या. फरशी नुकतीच धुतलेली, ओली. मी लाकडी स्टुलावर, पाय फळीवर. तिसरं गाणं. कुसुमताईंना उभं राहायला जागा नव्हती. माईक हातात धरून त्यांनी पायानं माझी फळी जरा सरकवली. पाय एलिमिनेटरला लागला.
ओरडल्याही नाहीत. तोंड उघडंच राहिलं आणि खाली. माईक हाताला चिकटलेला. ड्रमवाल्यानं वायर उपटली. मी नाही. मी बघत बसलो.
जगल्या. तळहात भाजलाय, छातीचं ठीक आहे म्हणाले डॉक्टर. पाच मिनिटं त्या आहेत की गेल्या, कुणालाच माहीत नव्हतं.
अण्णा दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "नरसय्यानं मारलंच असतं आज. कसलं डबडं करून दिलं!"
मी म्हणालो, "असं कसं झालं कळत नाही."
कळतं. नववीचं पुस्तक वाचलेल्या कुणालाही कळतं. आत कुठंतरी इन्सुलेशन गेलं, करंट पत्र्यावर आला. हिरवी वायर असती तर फ्यूज उडाला असता, तेवढ्यावर भागलं असतं.

१३ डिसें., मंगळ.
कुसुमताईंकडे जाऊन आलो. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. त्यांनीच विचारलं, "तुला नाही ना रे काही झालं?" सांगणार होतो. त्यांचे मिस्टर आले, विषय बदलला. खोटं कशाला लिहू, मीच बदलला.

१८ डिसें., रवि.
अण्णा चार माणसं घेऊन नरसय्यांच्या दुकानात गेले. मीही होतो, मागं. बोळ जमा झाला. "बाईमानूस मेलं असतं तर? उद्यापासून सोलापुरात एका मांडवाला तुझा कर्णा लागला तर बघ." नरसय्या स्टुलावरून उठले, पान थुंकून आले, हात पुसले. म्हणाले, "पेटी मला एकदा दाखवा. तेवडंच मागतो."
सगळे माझ्याकडे वळले.
"जळली," मी म्हणालो. "टाकून दिली."
ती माझ्या ट्रंकेत आहे, धोतरांच्या खाली.

२२ डिसें., गुरु.
नववी ब. धडा आलाच. तीन पिनांचा प्लग फळ्यावर काढला. तिसरी पिन इतरांपेक्षा लांब का? कारण ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते. मुलांनी लिहून घेतलं. मी खडू ठेवला आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो.
शाळेतून घरी यायला आता लांबचा रस्ता. बोळ टाळून.

१ जाने. १९७८, रवि.
पे. ५ पोस्टानं आली. दोनदा दाबली, ठेवून दिली. चार दिवस सोडा, चार मिनिटं नाही. तरी सहावी कुठली घ्यावी हे मनात चालूच. लाज वाटते, आणि चालूच आहे.
तालमीत अण्णांनी दुसरा लाउडस्पीकरवाला आणलाय. म्हणाले, नरसय्याची तीन लग्नं गेली, लोक नाव काढलं की हात झटकतात. समाधानानं म्हणाले. मी गिटारच्या तारा पुसत होतो.

८ जाने., रवि.
नरसय्या घरी आले. सकाळी, मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर आईशी बोलत बसलेले, ती कानडीतून, ते तेलुगूतून, आणि दोघांचं चाललेलं बरं. हातात पिशवी. पिशवीत वाव-वावची पेटी.
"बोललो होतो न्हवं देतो म्हनून."
वर मागाची फळी. मधोमध पायाच्या आकाराचा खोलगट झालेला भाग, काळा, चकचकीत.
आई चहा टाकायला आत गेली. ते म्हणाले, "साहेब, एकच इचारतो. खरं सांगा. हिरवी वायर होती न्हवं?"
आत स्टोव्हचा आवाज.
"होती," मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना कळलंय, मला पकडायला आलेत. तसं काहीच नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "मग कथलाचा टाका माझाच सुटला. दुसरं काय असनार? वीस वर्सं झाली, असं कदी झालं न्हवतं. आता इस्तरी जरी आली दुरुस्तीला तरी परत धाडतोय. बाईच्या जिवावर आलं की माझ्या हातनं."
चहा घेतला, बशी आईच्या हातात दिली, गेले.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ जाने., पुन्हा
वाजवली. न वाजवता राहवेना. अशी पेटी मी कुणाकडं पाहिली नाही, पुण्याच्या त्या सातांत नाही. फळी पायाखाली आपोआप जाते. गिटार बोलते हो. तासभर वाजवत होतो. मी कसला माणूस आहे?

१५ जाने., रवि.
गड्ड्याच्या जत्रेत कार्यक्रम. कुसुमताई गायल्या, डाव्या हातात माईक, रबरी चपला घालून. त्यांचा आवाज चांगला लागला. मी एकच पेटी नेली होती, तरी त्या माझ्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या.
लोकांनी वाव-वावला टाळ्या दिल्या. अण्णा खूश. "कुटं केलीस रं?" मुंबई, म्हणालो. तिसरं खोटं. की चौथं?

२५ जाने., बुध.
कुसुमताई शाळेच्या फाटकाशी उभ्या. मला वाटलं हाताचं काही. म्हणाल्या, "अरे, नरसय्या घरी आले होते. माझ्या पाया पडले. पन्नाशीचा माणूस. माझ्या मुलांसमोर. म्हणे, ताई, माझी चूक झाली, माफ करा. मी मागं सरले तर उंबऱ्यावर डोकं टेकवलं. बसू, मला कसंतरीच झालं रे. दुकान बंद करून गिरणीत लागलेत. त्यांना सांग ना तू, तुझं ऐकतात ते. सांग, मनावर घेऊ नका."
"सांगतो," म्हणालो.
एवढं ऐकून घरी आलो, जेवलो, पेपर तपासले. भात दोनदा घेतला.

२६ जाने., गुरु.
झेंडावंदन. घरी आल्यावर आईला सांगितलं. सगळं. ती धान्य निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी त्याला चहा दिला, तू काय दिलास?"

२८ जाने., शनि.
सकाळची शाळा. तिथून घरी, ट्रंक उघडली, एलिमिनेटर काढला. झाकणाचे चार स्क्रू काढून आईच्या डब्यात टाकले, म्हणजे वाटेत बंद करून परत फिरता येऊ नये. कापलेलं टोक दिसतं. टेप सुटलाय.
दुकानाला कुलूप. बोळातल्या चादरवाल्यानं घर दाखवलं. वस्तीत माग चालू, खटखट, बोललेलं ऐकू येत नाही. नरसय्यांच्या बायकोनं दार उघडलं. हातातलं धूड बघून म्हणाली, "दुरुस्तीचं असंल तर ते घेत न्हाईत आता."
"दुरुस्तीचं नाही."
"मग काय सांगू त्यास्नी?"
"मीच सांगतो. थांबतो."
तिनं ओट्यावर पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला. आत गेली. मला साहेब म्हणाली नाही, बरं वाटलं.
हे इथंच लिहितोय, मांडीवर एलिमिनेटर, त्यावर वही. आणि अण्णांना? शाळेत? कुसुमताईंना काय सांगायचं, त्यांच्या मुलांना? एकेकाचं बघू. आधी इथं. पहिलं वाक्य तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा त्यात 'पण' आलं. 'पण' नको.
भोंगा झाला. गिरणीची माणसं गल्लीत शिरायला लागली, सायकली, डबे. चेहरे कापसानं पांढरे, कोण कोण ते ओळखू येत नाही. नरसय्या अजून दिसत नाहीत.
उठून पळायला अजून वेळ आहे. बसून आहे.