चिमणीने बटण लावलं

प्रिय दादा,

मी ठणठणीत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. वहिनीची पाठ कशी आहे?

आमच्या केंद्रात हालचालींचा ताळमेळ न जमणारी मुलं येतात. आज सात वर्षांच्या चिमणीने पाच महिन्यांच्या सरावानंतर स्वतःच्या फ्रॉकचं बटण लावलं. तिची आई रडत म्हणाली, "आळशी समजून मी हिला मारायचे हो."

मला तू आठवलास. तुझ्या हातून पेला पडला की बाबा मारायचे आणि मी 'धांदरट' म्हणून हसायचे. दादा, त्यात तुझा काहीच दोष नव्हता.

मागच्या सुट्टीत तू माझ्यासमोर एकदाही चहा घेतला नाहीस. का, ते आज कळलं.

जमलं तर माफ कर.

तुझीच,
धाकटी